बर्फीची सावली

बॅग अजून दारातच पडलीये, डोळे अजून चुरचुरतायत आणि आई दर पाच मिनिटांनी ओरडतेय की स्क्रीनपासून लांब बस. पण आत्ता नाही लिहिलं तर चार दिवसांनी मी हे सगळं गोडगोड करून लिहीन, मला माझं माहितीये. म्हणून धडाधड टाइप करतेय. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

पिंपरी-चिंचवड, तळवडे, चाकण. या पट्ट्यात कुणी फिरायला जात नाही. लोक नोकरीला जातात, इंटरव्ह्यूला जातात, नवऱ्याची बदली झाली म्हणून जातात. मी गेले होते एका गाईचा डोळा काढायला लावायला.

थांबा, नीट सांगते.

प्राजक्ता माझी पुण्यातली रूममेट. एमएस्सीची दोन वर्षं आम्ही एका खोलीत काढली. मी चिपळूणची, ती चाकणजवळच्या एका गावातली. (गावाचं नाव लिहू नकोस म्हणालीये.) आता ती एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि निगडीत खोली घेऊन राहते, मी अजून माझा प्रोजेक्ट रेटतेय. प्रोजेक्ट काय, तर उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीतला डीएनए बिघडतो, तो वेगवेगळे प्राणी दुरुस्त कसा करतात. मी बेडकांवर काम करते. हे सांगितलं की लोक विषय बदलतात. प्राजूने कधीच नाही बदलला.

तर प्राजूचा फोन. "मुग्धे, बर्फीच्या पापणीवरची गाठ वाढलीये. डॉक्टर मॅडम गणपतीपासून सांगतायत की डोळा काढू या. आई-अप्पा ऐकत नाहीत. माझं तर नाहीच ऐकत. तुझा विषय आहे ना? ये आणि पटव."

बर्फी म्हणजे त्यांची गाय. गोठ्यातली शेवटची. मी स्लाइड्स मराठीत केल्या, रंगीत बाण काढले, लॅपटॉप भरला आणि निघाले. खरं सांगू? मला मजा वाटत होती. पहिल्यांदाच कुणाला तरी माझा विषय खरोखर हवा होता!

निगडी, शुक्रवार

एसटीचा प्रवास सोडून देते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कुंभार्ली घाट, मागच्या सीटवरचं उलटी करणारं बाळ, बास.

निगडीला उतरले तर समोर प्राजू उभी, आणि मी तिला ओळखलंच नाही. डोक्याला-तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ, अंगात पांढरा सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे. फक्त डोळे दिसत होते. इकडच्या सगळ्या मुली स्कूटरवर अशाच! आमच्या चिपळूणात अशी कुणी निघाली तर लोक विचारतील, काय गं, बँक लुटायला चाललीस का. प्राजूने डिकीतून दुसरा स्कार्फ काढून माझ्या अंगावर टाकला.

"बांध. काळी होशील."

"अगं, काळं होणं म्हणजे कातडीने स्वतःवर उघडलेली छत्री असते! मेलॅनिन पेशीच्या बरोब्बर वरच्या बाजूला जाऊन–"

"छत्रीवाले, गप बस आणि बांध."

प्राधिकरणातले रस्ते बघून मी खूश झाले. रुंद रस्ते, बंगले, दोन्हीकडे झाडं, झाडांखाली निवांत कुत्री. म्हटलं, किती छान आहे की इथे! प्राजू म्हणाली, "हं. हे बघून घे. पुढे नाहीये."

खरंच नव्हतं. तळवड्यापासून पुढे कंटेनर, नव्याकोऱ्या गाड्या लादलेले ट्रेलर, शिफ्टच्या बसेस, आणि मधल्या फटींतून आमची स्कूटर. इंद्रायणीच्या पुलावर मान वळवली तर पाण्यावर साबणासारखा फेस. मला बेडूक आठवले. विचारलं नाही काही.

एक गोष्ट मात्र भारी वाटली, आणि ती इथे लिहून ठेवते कारण नंतर तिचा मला राग येणार आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छोटी छोटी पत्र्याची शेड, आणि प्रत्येकात वेल्डिंग चालू. निळा-पांढरा उजेड, तडतड, ठिणग्यांचा पाऊस. एका शेडमध्ये विझतोय तोवर दुसऱ्यात पेटतोय. मी मागे बसून मान वळवून वळवून बघत होते. "दिवाळीच आहे गं तुमच्याकडे!" असं मी ओरडून म्हणाले. हो, मीच म्हणाले.

घरी पोचलो तर काकूंनी, म्हणजे प्राजूच्या आईने, मासवडी केलेली. मी कोकणातली, नाव ऐकून तोंडाला पाणी सुटलं. ताटात बघते तर बेसनाची वळकटी, आत तीळ-खोबरं-लसणाचं तिखट सारण, सोबत लालभडक रस्सा. मासा औषधाला नाही! माझा चेहरा बघून अप्पा, प्राजूचे वडील, ठसका लागेपर्यंत हसले.

"कोकणवालीची फसगत झाली व्हय!"

पण चवीला काय होती म्हणून सांगू. बाजरीच्या तीन भाकऱ्या गेल्या.

गावात, शनिवार सकाळ

सकाळी बर्फीला भेटले.

आमच्याकडच्या गाई काळ्या, तांबड्या, टीचभर. पायरी चढून ओटीवर येतील अशा. बर्फी म्हणजे जहाज! अंगावर काळे-पांढरे नकाशे, आणि तोंड पूर्ण पांढरं. पापण्यांच्या कडा गुलाबी, लहान बाळाच्या टाचेसारख्या. उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर ती गाठ. फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, ओली, लिंबाएवढी. डोळ्यातून पाणी वाहून गालावर काळा ओघळ पडलेला. मी हात पुढे केला तर तिने चाटला. जीभ म्हणजे पॉलिश पेपर.

काकू म्हणाल्या, "गणपतीत मसुरीच्या डाळीएवडी व्हती बघ."

ती जिथे बांधली होती ती जागा सांगायला हवी. अप्पांच्या घरासमोर एक मोठी चिंच होती आणि चिंचेखाली गोठा. रस्ता रुंद झाला तेव्हा चिंच गेली, अर्धा गोठा गेला. उरलेल्या जागेत अप्पांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या. मागच्या पट्टीत एक पत्र्याचं शेड आहे, ते शकीलभाईंना भाड्याने दिलंय. शकीलभाई मूळ परभणीकडचे, बरीच वर्षं इथेच, फॅब्रिकेशनचं काम करतात. गेट, ग्रिल, कंपन्यांच्या ट्रॉल्या.

डॉक्टर मॅडमनी गणपतीत दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, डोळा काढू या. दोन, हिला उन्हात बांधू नका, पांढऱ्या पापणीला ऊन सोसत नाही, ऊन थांबलं तर कातडी स्वतःला थोडंफार सावरते. पहिली गोष्ट काकूंना ऐकवली नाही. दुसरी त्यांनी घट्ट धरून ठेवली.

"दारात येका डोळ्याची गाय कशी बांधू गं? आन मॅडमच म्हन्ल्या की, कातडी सोताला सावरती. मंग सावरू दे की!"

पण सगळ्या आवारात सावली कुठे होती? फक्त शकीलभाईंच्या शेडमध्ये. अप्पांनी विचारलं, शकीलभाई लगेच हो म्हणाले, पुढची कडेची जागा मोकळी करून दिली, स्वतः खुंटा ठोकला. वर जाड पत्रा, उन्हाचा कवडसासुद्धा नाही. "आन वेल्डिंगच्या धुरानं माश्या बसत न्हाईत," काकूंनी अजून एक फायदा सांगितला. "दिसभर मानसं असत्यात, तिला करमतं."

मी मान हलवली. म्हटलं, वा, सावलीचं काम तरी नीट केलंय.

मग स्वयंपाकघरात माझा कार्यक्रम! लॅपटॉप गव्हाच्या डब्यावर ठेवला. बाणबिण सगळे दाखवले, पण काकूंचं लक्ष उतू जाणाऱ्या दुधाकडे, म्हणून लॅपटॉप मिटला आणि तोंडाने सांगितलं.

"काकू, कातडीच्या प्रत्येक पेशीत एक लांबलचक मजकूर असतो. दोन ओळी, समोरासमोर. एका ओळीतलं अक्षर समोरच्या ओळीतल्या जोडीदाराचा हात धरून उभं असतं. अतिनील किरण पडला की काय होतं, शेजारशेजारची दोन अक्षरं समोरच्याचा हात सोडतात आणि एकमेकांना चिकटतात. मग मजकूर वाचता येत नाही."

"शेजारच्याशीच सूत जमलं म्हन की," अप्पा म्हणाले.

"अहो!" काकू.

"बरोब्बर, अप्पा! आता हे सोडवायचं कसं? बेडकाकडे, माशाकडे, पक्ष्यांकडे एक भारी गोष्ट आहे. एक एन्झाइम. ते चिकटलेल्या जोडीवर जाऊन बसतं, साधा निळसर उजेड पकडतं आणि त्या उजेडाच्या जोरावर खट्कन जोडी सोडवतं. काही कापायचं नाही, खोदायचं नाही. म्हणजे उन्हानेच बिघडवलं आणि उजेडानेच दुरुस्त झालं!"

हे सांगताना मी नेहमी उभी राहते. तेव्हाही राहिले. डोकं शेल्फला आपटलं.

"आन गाईकडं?"

"गाईकडे नाही, काकू. आपल्याकडेही नाही. कांगारूकडे आहे, पण गाय, माणूस, कुत्रा, मांजर, उंदीर, आपल्या सगळ्यांच्या पूर्वजांनी ते फार फार पूर्वी कुठेतरी हरवलं. ते रात्रीचे फिरायचे, उन्हाशी संबंधच नव्हता, म्हणून गेलं असावं असं म्हणतात. आपल्याकडे आहे ती दुसरी पद्धत. महापालिकेची."

प्राजू फिसकन हसली.

"खरंच! बिघाड दिसला की टोळी येते. दोन्ही बाजूंनी कापते, तीसेक अक्षरांचा तुकडा उचकटून टाकते, समोरची ओळ बघून नवीन भरते, वर डांबर. चांगली पद्धत आहे, पण हळू. काही खड्डे दिसतच नाहीत. दिवसभर नवे खड्डे पडत राहिले तर टोळी पुरत नाही. मग मजकूर चुकीचा तसाच पुढे छापला जातो. आणि एखाद्या पेशीला 'थांब' सांगणारं वाक्यच खराब झालं, की ती थांबत नाही. वाढतच जाते. बर्फीची गाठ म्हणजे ते आहे."

 अप्पा म्हणाले, "ती बेडकाची दवा हिला टोचता न्हाई का येत?"

मला हा प्रश्न इतका आवडला ना! आणि उत्तर इतकं वाईट होतं. "नाही अप्पा. खड्डा असताना ठीक होतं. आता गाठ झाली. गाठ दुरुस्त होत नाही. काढावीच लागते, डोळ्यासकट."

काकूंनी दुधाचं पातेलं उतरवलं. पदराने हात पुसले. खूप वेळ पुसले.

"गाय तर ऱ्हाईल ना?"

"राहील, काकू."

"मंग काढा डोळा. उद्या बोलवा मॅडमला."

प्राजूने ओट्याखालून माझा हात इतका दाबला की कळ आली. जिंकलो! मी दुपारभर हवेत होते.

शेडमध्ये, शनिवार दुपार

हवेत असल्यामुळे मी बर्फीपाशी जाऊन बसले. बाहेर एप्रिलचं ऊन फणफणत होतं, शेडमध्ये सावली. उलटी बादली घेतली, तिच्या गळ्याखाली खाजवत बसले. मधूनमधून ती मान लांब करून माझ्या मांडीवर ठेवायची. एवढं मोठं डोकं! पाय बधिर झाला.

शकीलभाई सात-आठ हातांवर ट्रॉल्यांची चौकट जोडत होते. अंगात बनियन, एका हातात काळी काच. काच तोंडासमोर धरायचे, तडतड, निळा उजेड, बर्फीचं पांढरं तोंड क्षणभर निळं. मग काच खाली, हातोडीचे दोन टोले, पुन्हा काच.

"ताई, इकडं बघू नका बरं का. डोळ्याला आर्क लागते."

"नाही बघत, शकीलभाई. मी हिच्याकडे बघतेय."

"हिच्याकडं बघा. ही आमची सुपरवायझर हाय. काम बंद पडलं की हंबरती. कामून बंद केलं, विचारती."

त्यांनी डब्यातली अर्धी चपाती तिच्यासाठी ठेवली होती. रोजच ठेवतात म्हणे. मी त्यांनाही बेडकांचं सांगितलं. ते म्हणाले, "अल्लाने बेडकाला दिलं अन् आपल्याला नाही? अजब हाय." आणि काच वर. तडतड.

दुपारचे तीन-चार तास असे गेले. मी सावलीत होते. हे वाक्य मी मुद्दाम लिहितेय. मी पूर्ण वेळ सावलीत होते.

संध्याकाळी चहा घेताना डोळ्यात वाळू गेल्यासारखं झालं. धुतले. अजून वाढलं. दिवा लावला तर किंचाळले. डोळे उघडेनात, पाणी थांबेना. काकूंनी एकदा बघितलं आणि बटाटा कापायला घेतला.

"आर्क लागली गं बाय. घाबरू नको. हितं सगळ्यांनला लागती." डोळ्यांवर बटाट्याच्या गार चकत्या ठेवल्या आणि मला आडवं केलं. "तू बगितलं असशील तिकडं."

"नाही हो काकू, मी बघितलंच नाही. मी बर्फीकडे–"

 चकत्यांखाली डोळे मिटलेले, आणि डावा हात आगीसारखा जळत होता. मानेची डावी बाजू पण. उजवी बाजू गार. चकत्या काढून, किलकिल्या डोळ्यांनी दोन्ही हात शेजारी धरले. डावा लाल. समुद्रावर दिवसभर खेळल्यावर होतो तसा. उजवा जसाच्या तसा.

डावीकडे शकीलभाई होते.

मी एमएस्सी, मी अतिनीलवाली, सकाळी शेल्फला डोकं आपटेपर्यंत भाषण देणारी. आणि मी आर्कच्या निळ्या उजेडाला दिवाळी म्हणाले होते. वेल्डिंगच्या आर्कमधून अतिनील किरण येतात. उन्हात असतात त्याहून जहाल सुद्धा, जे आकाशातून जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. त्यांना वरचा पत्रा काय अडवणार? ते पत्र्याखालीच जन्मतात.

"काकू, बर्फी तिथे कधीपासून आहे?"

"दिवाळीपास्नं. का गं?"

प्राजू दारात उभी होती. तिला कळलं होतं. तिने मान हलवली: आत्ता नको.

रविवार

सकाळी डोळे उघडले, सुजलेले पण उघडले. डॉक्टर मॅडम यायच्या आधी सांगणं भाग होतं. मी, प्राजू, अप्पा शेडमध्ये गेलो. काकू मागून आल्याच.

मी सांगितलं. भाषणासारखं नाही, अडखळत. शकीलभाईंच्या हातातला तारेचा ब्रश तसाच राहिला.

"पण ती बघतच नाही ना ताई तिकडं. आर्क तर बघितल्यावर लागते."

"डोळ्याला तसं वाटतं, शकीलभाई. कातडीला बघावं लागत नाही. समोर असली की झालं."

त्यांनी स्वतःचे हात पुढे केले. बनियनमधून बाहेर आलेले, काळवंडलेले, जागोजागी ठिणग्यांचे डाग. आधी हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग आमचं?"

 "फुल बाह्या घालत जा," मी एवढंच म्हणाले. पत्र्याखाली त्या वेळीच भट्टीसारखं तापलं होतं.

काकू बर्फीच्या मानेवरून हात फिरवत होत्या. त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, "रातीला तरी सावरत असंल ना गं तिची कातडी? टोळी येती म्हन्लीस ती?"

"हो काकू. रात्री येते."

"रातीचंबी चालतंय काम. ट्रॉल्यांची ऑर्डर आल्यापास्नं ओव्हरटाइम हाय. मला म्हाईत हाय, मीच च्या द्यायला येते."

 शकीलभाई शेडच्या मागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

डॉक्टर मॅडम आल्या त्या घाईतच. लहानखुऱ्या, गमबूट, केसांना पेन खोचलेलं. काकू त्यांना म्हणाल्या, "मॅडम, काढा डोळा. आमी तयार हाय." मॅडम चकित झाल्या, माझ्याकडे बघून हसल्या, म्हणाल्या, "तुम्ही पटवलंत? मला सात महिने जमलं नाही." मला तेवढ्यातही बरं वाटलं. किती मूर्ख असतो ना माणूस.

त्यांनी पापणी बघितली. मग दोन्ही हात बर्फीच्या कानांखाली ठेवले, डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही बाजू एकदम चाचपल्या. डावीकडचा हात लगेच सुटला. उजवीकडचा तिथेच थांबला. पुन्हा दाबून बघितलं. जबड्याखाली गेला, मानेपर्यंत खाली गेला. त्यांचा चेहरा मी बघत होते आणि मला शब्दांची गरज पडली नाही.

"इथे हात लावा," त्या अप्पांना म्हणाल्या.

अप्पांनी लावला. "गोटीवानी लागतंय."

"गाठ पसरलीये अप्पा. इथे, आणि खाली मानेतही. आता डोळा काढला तर तिला नुसती एक जखम जास्त होईल. मी नाही करणार."

"आमी तयार हाय ना पन," काकू म्हणाल्या. "आता आमी तयार हाय."

मॅडमनी केसांतलं पेन काढलं, पुन्हा खोचलं. दुखणं कमी करायची औषधं लिहून दिली, जखमेवर माश्या बसू देऊ नका म्हणाल्या. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले आणि आर्कचं सांगितलं. त्यांनी शेडकडे मान वळवली.

"मी सावलीत बांधा म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "सावली कुठली, ते विचारलं नाही."

"आर्कमुळेच वाढलं असेल का?"

"कोण सांगणार? आठ वर्षांचं ऊन होतंच पापणीवर. गाठ तेव्हाच होती. आर्कने घाई केली असेल, नसेलही." गाडीला किक मारली. "सावरायला वेळ मात्र मिळाला नाही तिला. तेवढं खरं."

सोमवार, निघताना

माझी गाडी दुपारची होती. सकाळी उठले तर शकीलभाई शिडीवर. कुठून तरी एक भलामोठा फ्लेक्स आणला होता, कुणातरी भाऊंच्या वाढदिवसाचा. असे फ्लेक्स इकडे चौकाचौकात, वाढदिवस झाला की कुणीही काढून नेतं, कुणी पाणी गळतं तिथे टाकतं, कुणी वैरण झाकतं. शकीलभाईंनी तो पत्र्याखालच्या लोखंडी कैचीला तारेने बांधला, बर्फी आणि वेल्डिंगच्या मध्ये, जमिनीपर्यंत. भाऊ गॉगल लावून हात जोडून हसत होते, बर्फीच्या बाजूला तोंड करून.

"याच्यातून येत नाही ना ताई?"

मी जाऊन हात लावला, जाड होता. "नाही येत."

"दिवाळीत सांगितलं असतं कुणी, तर तवाच बांधला असता," ते म्हणाले. "एका तारेचं काम होतं."

अंगात त्यांनी फुल बाह्यांचा शर्ट घातला होता. पाठीवर घामाचा नकाशा.

मी चपला घालत होते तेव्हा पलीकडे काम सुरू झालं. तडतड. फ्लेक्सच्या कडेने निळा उजेड फुटला. आणि बर्फी हंबरली. मला वाटलं दुखतंय. नाही. ती दावं ताणून फ्लेक्सकडे तोंड करून उभी होती. पुन्हा हंबरली. पलीकडून शकीलभाईंचा आवाज आला, "हाय गं बाई, इथंच हाय." ती अजून जोरात. फ्लेक्सला डोकं लावून ढकलायला लागली. भाऊंच्या पोटावर ओलं नाक, गाठीचा ओघळ. दिवाळीपासून तिने दिवसभर माणसं बघितली होती, हातोडी ऐकली होती, अर्ध्या चपातीची वाट बघितली होती. आता समोर नुसतं एक कापड.

प्राजू स्कूटर चालू करून थांबलेली. मी बॅग घेऊन काकूंच्या पाया पडायला शेडमध्ये गेले. काकू बर्फीजवळ उभ्या होत्या. तिच्या कपाळावर हात ठेवून, "गप, गप गं माझी बाय," असं म्हणत होत्या. ती गप होत नव्हती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. खोल्यांमधून रात्रपाळीचे दोन कामगार डोळे चोळत बाहेर आले, काय झालं बघायला.

मग काकूंनी खाली वाकून फ्लेक्सचं टोक उचललं.

"काकू," मी म्हणाले. "काकू, नको."

त्यांनी टोक वर नेलं आणि कैचीच्या तारेत अडकवलं. निळा उजेड थेट आत आला. बर्फीने त्या तिकोनी फटीतून पांढरं तोंड बाहेर काढलं, कान पुढे केले आणि शांत झाली.

"आता काय व्हायचंय तिला," काकू म्हणाल्या. "बगू दे."

मी काकूंच्या पाया पडले. मग उजेड अंगावर येणार नाही अशा बेताने, भिंतीला धरून, स्कूटरपर्यंत आले. प्राजूने स्कार्फ पुढे केला. मी बांधला.